झाकणावरचं नाव

आमच्या घरात तांदळाचा एक मोठा स्टीलचा डबा होता. त्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी एक नाव कोरलेलं होतं. आधी 'कु.', मग एका मुलीचं नाव, तिच्या वडलांचं नाव, आडनाव आणि खाली 'मैत्रिणींकडून सप्रेम'. नुकती वाचायला शिकले होते तेव्हा मी घरातली सगळी भांडी वाचून काढली होती. ताटांवर बाबांचं नाव होतं, कळशीवर आजोबांचं, दोन वाट्यांवर शेजारच्या काकूंचं, म्हणजे त्या परत करायच्या राहिल्या होत्या. डब्यावरची ही कुमारी कोण ते मात्र कळेना. आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आहे एकीचं." मी ते सोडून दिलं. भांडी काय, हळदीकुंकवाच्या गडबडीत इकडची तिकडे होतातच.

ती 'एक' कोण हे मला कळलं तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आम्ही विरार पूर्वेला चंदनसारला राहायचो. आमची इमारत उभी राहिली तेव्हा मागे भातशेती होती. नंतर एकेक तुकडा विकला जाऊन तिथं आमच्यासारख्याच इमारती आल्या आणि त्यात आमच्यासारखेच कोकणातून आलेले, मुंबईत नोकरी करणारे लोक आले. आई मॅट्रिक झाली होती. पुढं कॉलेजात जायचं म्हणून तिनं अर्जही आणला होता, पण तो भरायच्या आत स्थळ आलं. मॅट्रिकवर काय काय करता येतं, कुठली प्रवेशपरीक्षा दिली की बी.ए. घरबसल्या होतं, हे तिनं वर्तमानपत्रातून कात्रणं काढून काढून गोळा केलं होतं. ही कात्रणं गव्हाच्या पिंपाखाली असायची. मला वाटायचं पाककृती आहेत. एक दिवस तिनं ती माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या विद्यापीठात माझ्यासाठी काय आहे बघ."

मी माहितीपुस्तिका आणून दिली. तिनं तिला खाकी कव्हर घातलं, वर लेबल लावलं आणि लेबलावर काही लिहिलं नाही.

त्या पुस्तिकेची पहिली काही पानं विद्यापीठाच्या इतिहासाची होती. आम्ही सगळी मुलं ती पानं उलटून थेट फीवर जायचो. आईनं मात्र ती पोथीसारखी वाचली, रोज थोडी थोडी, दुपारची भांडी आवरली की. विद्यापीठ इंग्रजांच्या अमदानीत निघालं तेव्हा त्याला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. ते शिकवायचं नाही, नुसत्या परीक्षा घ्यायचं; शिकवायचं काम कॉलेजांचं. हे वाचल्यावर आई हसली. "म्हणजे आपल्या घरासारखंच. शिकवायला कुणी नाही, परीक्षा घ्यायला सगळे." मग मनोरा कधी झाला, ग्रंथालय कुणाच्या देणगीतून झालं, बायकांना परीक्षेला बसायला परवानगी मिळायला किती काळ जावा लागला. या शेवटच्या वाक्याखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती.

पुढं विभागांची यादी होती. आई ती मोठ्यानं वाचायची. "संस्कृत, पाली, अर्धमागधी, फारसी, अरबी, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान..." बाबा पेपरातून डोकं काढून म्हणायचे, "आज कुठल्या खात्याची आरती?" ती म्हणायची, "अहो, ऐका तरी. फारसी शिकायला किती मुलं येत असतील? दोन? आणि दोघांसाठी विभाग चालू ठेवलाय. किती मोठं मन म्हणायचं!" मला तिचं हसू यायचं. यादी वाचून कुणाचे डोळे भरून येतात का? तिचे यायचे.

तिनं इतिहास घ्यायचं ठरवलं. अर्ज भरायला मी बसले, कारण अर्ज भरण्यातली घरातली तज्ज्ञ मी. तिनं मॅट्रिकचं प्रमाणपत्र पेटीतून काढून दिलं. त्यावर डब्याच्या झाकणावरचं नाव होतं.

"हे तू?"

"मी नाही तर कोण?" ती म्हणाली. "लग्नात बदललं. तुझ्या बाबांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहिलं, मग साखर वाटली. तेव्हापासून ही."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडे सगळ्यांचीच नावं बदलतात. आत्याला माहेरी एका नावानं हाक मारायचे आणि सासरी दुसऱ्या. पण आईला आधी वेगळं नाव होतं हा विचार डोक्यात आला नव्हता. तिचं माहेर मी जन्मायच्या आधीच मिटलं होतं. तिला भाऊ नाही, आईवडील लवकर गेले, त्यामुळं तिला त्या नावानं हाक मारणारं कुणीच मी पाहिलं नव्हतं. त्या मैत्रिणी कुठं गेल्या तेही तिला माहीत नव्हतं.

"अर्जावर हेच लिही," आई म्हणाली. "पदवी मला ह्या नावानं हवी. शाळेत जाऊन अभ्यास हिनं केला होता. पुढचंही हिलाच मिळू दे."

एवढंच तिचं मागणं होतं. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "आई, रेशनकार्डावर एक, मतदारयादीत एक आणि पदवीवर तिसरंच, असं चालतं का? आणि बाबांना काय वाटेल?" ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार, असं आमच्या घरात धरलं जायचं. मी सासरचं नाव लिहिलं. नाव बदलल्याचा पुरावा जोडायचा होता, तिथं 'नंतर सादर करू' असं हमीपत्र लिहून तिची सही घेतली. आणि नंतर ते साफ विसरले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांना पाहूनच.

मग प्रवेशपरीक्षा झाली, आणि धडे टपालानं यायला लागले. जाड, पिवळट कागदाच्या पुस्तिका असत. आमचा म्हातारा पोस्टमन खालूनच ओरडायचा, "विद्यार्थिनीबाई, धडे आले!" अख्ख्या इमारतीत ते नाव पडलं. पोरंही तिला विद्यार्थिनीकाकू म्हणायला लागली. ती चिडायची नाही. रविवारी व्याख्यानं असली की डब्यात पोळीभाजी घेऊन जायची. वसईच्या एका गावातल्या शिक्षिका तिच्या शेजारी बसायच्या. त्या चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवून आल्याबद्दल आधी कपाळावर क्रूस करायच्या आणि मग वही उघडायच्या, हे आई घरी येऊन करून दाखवायची.

एकदा वर्गातल्या सरांनी प्राचीन बंदरं शिकवताना विचारलं, सोपारा कुणी पाहिलंय का? विरारची आई आणि वसईच्या त्या बाई, दोघींनी मान खाली घातली. पुढच्या रविवारी आई मला ओढत नालासोपाऱ्याला घेऊन गेली. रिक्षावाल्याला तिथला जुना बौद्ध स्तूप माहीत नव्हता. विचारत विचारत पोचलो. चारी बाजूंनी चाळी आणि इमारती चढत आलेल्या, मधे झाडी आणि विटांचा तो उंचवटा. मी म्हटलं, "एवढंच?" आई त्याच्याभोवती सावकाश फिरली. "बघ, इथं गलबतं यायची," ती म्हणाली. "कुठून कुठून माणसं यायची. आणि आपण इतकी वर्षं इथं राहून म्हणतो, नालासोपारा म्हणजे काय, स्वस्तातली घरं." तिनं वहीत उंचवट्याचं चित्र काढलं. त्या दिवशी ती मला माझी आई वाटली नाही. कुणीतरी तरतरीत, चौकस मुलगी वाटली, आणि मला थोडी भीतीच वाटली. आता वाटतं, ती झाकणावरची मुलगी मला तेवढीच एकदा भेटली.

बंदरांवरचा प्रश्न तिला शेवटच्या वर्षी परीक्षेत आला. घरी आली तेव्हा बोटं शाईनं निळी होती आणि ती सांगत सुटली होती. बाबांनी स्वतः चहा केला. असं आमच्या घरात वारंवार होत नसे.

निकाल लागला तेव्हा तिच्या आसनक्रमांकापुढं 'राखून ठेवला' असं होतं. कारण मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर एक बाई आणि अर्जावर दुसरीच. दुव्याचा कागद नाही. तो कागद मी नंतर सादर करणार होते.

मी चौकशी केली. राजपत्रात नावबदलाची नोंद करायची, तिची प्रत द्यायची, निकाल सुटेल. मी फॉर्म आणला. जुनं नाव, नवं नाव, बदलाचं कारण, खाली सही. सगळं भरून मी तो आईपुढं ठेवला. तिनं वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"ह्यात लिहिलंय की मी माझं नाव बदललं. मी कुठं बदललं?"

"आई, नुसती सही करायची आहे."

"सही करायची म्हणजे ते नाव मी टाकलं असं लिहून द्यायचं. ताटात लिहिलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं का? तेव्हा विचारलं नाही ते नाही. आता माझ्या हातानं नाही लिहून देणार."

बाबा तिथंच होते. ते उठून गॅलरीत गेले. मला इतका राग आला की मी ओरडले, "तीन वर्षं घासलीस ना? तुला पदवी महत्त्वाची की नाव?"

"दोन्ही," आई म्हणाली.

तो फॉर्म तसाच राहिला. नंतरच्या मार्गशीर्षात माझं लग्न झालं. सासरी पोचल्यावर ताट आलं, तांदूळ आले, अंगठी आली. आधी आई मला एकदाच म्हणाली होती, "तू तुझं ठेव गं. आता चालतं." मी म्हटलं होतं, बघू. ताटासमोर सगळे हसत माझ्याकडे बघत होते, व्हिडिओवाला दिवा धरून उभा होता, आणि मी मान हलवली. साखर वाटताना आईही पुढं झाली. तिनं माझ्या तळहातावर साखर ठेवली, नवीन नावानं हाक मारली नाही, आणि जुन्याही नाही. मला ते तेव्हा लागलं नाही. लागायला बरीच वर्षं गेली.

पदवीचा विषय मग कुणी काढला नाही. मला वाटलं, तिनं नाद सोडला. आमच्या घरात गप्प बसण्याचा एकच अर्थ असायचा ना.

पुढच्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणाले, मग खडे म्हणाले, मग डॉक्टर बाबांना बाहेर घेऊन गेले. त्यानंतर ती चार महिने होती. शेवटच्या महिन्यात ती दर दोन-तीन दिवसांनी विचारायची, "टपाल आलं का?" आम्हाला वाटलं भ्रम होतोय. धडे यायचे त्या दिवसांत मनानं गेली असेल, असं म्हणून मी तिच्या केसांवरून हात फिरवायची. "येईल हं," असं लहान मुलाला सांगावं तसं सांगायची. ती माझ्याकडे बघत राहायची. काहीतरी सांगायचं असेल. मी तिला बोलूच दिलं नाही.

ती गेल्यावर महिन्याभरानं मी माहेरी तिच्या साड्यांची वाटणी लावायला आले होते. पलंगभर साड्या पसरलेल्या होत्या. दारावरची घंटा वाजली. पोस्टमन नवीन होता. म्हातारा निवृत्त झाला होता. याच्या हातात रजिस्टरचं लांबट पाकीट होतं. त्यानं त्यावरचं एक नाव आणि आडनाव वाचलं. "मॅडम इथंच राहतात का? सही लागेल."

माझ्या खांद्यावर तिची चंदेरी साडी होती. डोळे सुजलेले. दारावर पाटी होती ती बाबांच्या नावाची. ते आडनाव तर कोकणात घरटी एक, आमच्याच इमारतीत त्या आडनावाची दोन घरं होती. मी म्हटलं, "इथं या नावाचं कुणी राहत नाही. तिसऱ्या मजल्यावर त्या आडनावाचे आहेत, तिथं विचारा." तो "ओके" म्हणून जिना चढला. मी दार लावलं आणि परत साड्यांपाशी जाऊन बसले.

खरंच, तेव्हा मनात काहीच हललं नाही. ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, अगं, दुःखात होतं असं. असेल. पण लहानपणी जे नाव मी घरातल्या भांड्यावर शंभरदा वाचलं, जे मी आईच्या प्रमाणपत्रावर पाहिलं आणि मुद्दाम अर्जात लिहिलं नाही, तेच नाव दारात आलं आणि मी त्याला वर पाठवून दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही अर्थातच नाही सांगितलं.

पुढच्या खेपेला बाबांसाठी भात लावायला म्हणून डबा खाली घेतला. झाकण काढताना ठिपके बोटांना लागले. काखेत कळसा म्हणतात तो असा. मग खाकी कव्हरची पुस्तिका शोधली. आत इतिहासाच्या पानांत एका अर्जाची कार्बन प्रत होती, वर विद्यापीठाचा पोच शिक्का. आजारी पडायच्या जरा आधीचा. म्हणजे ती एकटी गेली होती, आम्हा कुणालाही न सांगता, मॅट्रिकचं प्रमाणपत्र आणि लग्नाच्या नोंदीचा दाखला घेऊन. अर्जात तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं की माझी पदवी माझ्या मूळ नावानेच मिळावी. आणि पुढं, 'प्रवेश अर्जात दुसरे नाव लिहिले गेले ही चूक सर्वस्वी माझी आहे.'

ती चूक तिची नव्हती. मी ते वाक्य परत परत वाचलं आणि जमिनीवर बसून मोठ्यानं रडले. ती गेली त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते.

पोस्टात गेले. पाकीट 'या नावाची व्यक्ती पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत गेलं होतं. शेरा त्या पोस्टमनच्या अक्षरात होता, शब्द माझे होते. विद्यापीठाच्या खिडकीवर गेले. आतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, नोंद शोधली, पाकीट आहे म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

"तसा कागद?"

माझ्या शाळेच्या दाखल्यावर माझं जुनं नाव होतं. त्यावर आईचं सासरचं नाव. माझ्या ओळखपत्रावर माझं नवीन नाव, नवीन आडनाव. पाकिटावरची बाई आणि खिडकीसमोरची बाई यांना जोडणारं एकही अक्षर माझ्या पिशवीत नव्हतं. त्या बाईंचा काही दोष नव्हता. कुणाच्याही हातात दुसऱ्याची पदवी कशी द्यायची? त्यांनी कागदावर लिहून दिलं, लग्नाच्या नोंदीचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि पतीचं प्रतिज्ञापत्र.

बाबांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार. वसईला कचेरीबाहेर टंकलेखक बसतात, त्यातल्या एकासमोर आम्ही बसलो. त्यानं विचारलं, "बाईंचं लग्नाआधीचं नाव?" मी सांगायला तोंड उघडलं, त्याआधी बाबांनी सांगितलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, न अडखळता. मी ते त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. परतताना ते म्हणाले, "नाव चांगलं होतं तिचं. बदलायची काही गरज नव्हती. तेव्हा वाटलं, बदलायचंच असतं." थोड्या वेळानं म्हणाले, "गॅलरीत सगळं ऐकू येत होतं मला, त्या फॉर्मच्या दिवशी."

पदवी मिळाली. बी.ए., इतिहास, द्वितीय श्रेणी, आणि तिचं नाव. बाबांनी ती भिंतीवर लावली नाही. पुस्तिकेसोबत पेटीत ठेवली. मग आठ दिवसांनी मला फोन आला की येऊन जा. गेले तर दारावर नवीन पाटी होती. वर त्यांचं नाव, आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात तिचं, झाकणावरचं. फक्त 'कु.' तेवढं काढलेलं.

मी चप्पल काढत होते, तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ बाहेर आले. ते दिवाळीनंतर राहायला आले होते; त्यांनी आईला पाहिलेलं नव्हतं. पाटी वाचून त्यांनी सहज विचारलं, "काका, भाडेकरू ठेवल्या का तुम्ही?"

"नाही हो," बाबा म्हणाले. "ह्या पहिल्यापासून इथंच राहायच्या."